आईनं लिहिलेली हिमानी

फोन आला तेव्हा मी कॅम्पसच्या बसमध्ये उभी होते. एका हातात वरची दांडी, दुसऱ्या हातात झेरॉक्सची पिशवी, आणि बुटांखाली सगळ्यांच्या बुटांनी आत आणलेल्या बर्फाचं काळं पाणी. नंबर अनोळखी होता. अनोळखी नंबर म्हणजे क्रेडिट कार्ड विकणारे, म्हणून मी आवाज आधीच कडक करून ठेवला. तर पलीकडून एक पुरुष चक्क मराठीत म्हणाला, "हिमानी? सौमित्र बोलतोय, बेलव्ह्यूहून. फोन करू नका म्हणाला होतात, पण तिकीट बुक झालं आणि राहवलं नाही." मी म्हटलं, कोण सौमित्र? तो हसला, जुन्या ओळखीचं माणूस हसतं तसा. "माहीत होतं, तुम्ही अशीच फिरकी घेणार. मेलमध्ये पण तशाच आहात." मग त्यानं सांगितलं की शनिवारी सकाळी तो पिट्सबर्गला उतरणार, तिथून गाडी भाड्यानं घेऊन ड्राइव्ह करत येणार, दुपारपर्यंत स्टेट कॉलेजला, म्हणजे आमच्या विद्यापीठाच्या गावी पोचेल, कुठं भेटायचं ते तेवढं मी कळवावं. "आणि तुमचा तो प्रश्न माझ्या लक्षात आहे. समोर आल्यावरच विचारणार." मी म्हटलं, "बरं." का म्हटलं कुणास ठाऊक. एक माणूस इतक्या आनंदात बोलत असताना त्याला राँग नंबर म्हणायला माझी जीभ रेटली नाही. फोन बंद केला तेव्हा माझा स्टॉप मागे गेला होता आणि बस स्टेडियमकडे वळली होती. तिथं उतरून मी बर्फातून उलटी चालत आले, आणि चालता चालता डोक्यात लख्ख उजेड पडला. दुसरं कोण असणार! आई.

दसऱ्याच्या सुमारास ती फोनवर म्हणाली होती की शंतनूच्या कॉम्प्युटरवर लग्नाची एक वेबसाइट दिसते. शंतनू म्हणजे माझा धाकटा भाऊ, बंगलोरला नोकरीला गेला आणि जाताना कॉम्प्युटर नागपूरच्या घरी ठेवून गेला. मला तेव्हा प्रबंधाचं तिसरं प्रकरण सबमिट करायचं होतं, गाइड मागे लागली होती, आणि एकतिसावं वर्ष सरत आल्याबद्दल कुणी काही बोललं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी म्हटलं होतं, "तुला काय करायचं ते कर, मला मध्ये घेऊ नकोस." आता आठवतं तर हसू येतं. आईनं माझं बोलणं इतकं तंतोतंत कधी ऐकलं नव्हतं. तिनं सगळं केलं आणि मला मध्ये घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे तिच्या संध्याकाळी, मी मोजक्या मिनिटांचं कॉलिंग कार्ड खरवडलं आणि नंबर फिरवला. "आई, सौमित्र कोण?" तिकडे मिक्सर चालू होता, तो बंद झाला. "फोन केला का त्यानं? बाप्पा! नको म्हटलं होतं मी." "तू म्हटलं होतंस की मी?" "तेच ते," आई म्हणाली. तेच ते! माझ्या कानशिलातून वाफ निघाली. मी तिला सांगितलं की याला फसवणूक म्हणतात, परक्या माणसाला मुलीच्या नावानं मेल करणं हा इथं गुन्हा ठरू शकतो, तो माणूस पश्चिम किनाऱ्यावरून अख्खा देश ओलांडून येतोय आणि मला त्याचं आडनावही माहीत नाही. "किर्लेकर," आई म्हणाली. "घरचे चांगले आहेत. आई नाही त्याला, दोन वर्षं झाली." मी ओरडले, "आडनाव नाही विचारलं मी!" मग ती अगदी साध्या आवाजात, भाजी चिरता चिरता बोलावं तसं म्हणाली, "त्यात एवढं काय? तुला वेळ नव्हता, मी लिहिलं. तुझ्या आत्याच्या सासरची सगळी पत्रं कोणी लिहिली? मोडला का तिचा संसार?" मी पासवर्ड मागितला. तिनं दिला, माझ्या जन्मतारखेचा होता. तो मी त्याच दिवशी बदलला, आणि बदललाय म्हणून तिला ठणकावून सांगितलंही.

आत्याची पत्रं आईनं लिहिली, हे खरंच आहे. आईला बघायला आले तेव्हा माझ्या आजोबांनी तिच्यापुढे कोरं पोस्टकार्ड ठेवलं होतं. गाणं नको, स्वयंपाक नको, मुलीनं अक्षर दाखवावं. आईनं 'सप्रेम नमस्कार वि. वि.' लिहून खाली आपल्या वडिलांचा गोंदियाचा पत्ता लिहिला, आणि त्या चार ओळींवर लग्न ठरलं. आजोबा ते कार्ड पुढं कैक वर्षं पाहुण्यांना दाखवत. मग काय, घरात हस्ताक्षराची सून आली म्हटल्यावर बाकीच्यांनी पेन खाली ठेवलं. आजोबांची पत्रं आई लिहायची, आजी सांगायची आणि आई लिहायची. आत्यानं रडत माहेरी यायचं आणि आईनं तिच्या नावानं तिच्या सासूला असं पत्र लिहायचं की सासूनं स्वतः न्यायला यावं. काकांचे रजेचे अर्ज, शेजारच्या मुलीचं ठरलेल्या नवऱ्याला पहिलं पत्र, सगळं आईकडे. ती ज्याचं पत्र लिहायची त्याच्यासारखी लिहायची, आजोबांचं करारी, आत्याचं हळवं. गोंदियाला स्वतःच्या आईला लिहायची तेसुद्धा आजी बाजूला बसून सांगायची, 'इकडील सर्व मंडळी खुशाल'. हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं, आणि ते घरातलं एक काम वाटायचं, लोणचं घालण्यासारखं. ते ज्याला जमतं त्यानं करायचं.

आणि मी इथं करत काय होते? अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या खानदानी बायकांच्या पत्रव्यवहारावर पीएचडी! नागपूरची पोरगी पेन्सिल्वेनियाच्या बर्फात बसून लेडी हॅरिएट नावाच्या बाईची पत्रं वाचत होती. हिला चार मुली, आणि चौघींच्या लग्नांच्या चिंतेत हिनं बहिणींना, नणंदांना, चुलतसासवांना पत्रांचे ढीग लिहिले. अमक्याची जमीन किती, तमक्याचा थोरला भाऊ आजारी आहे म्हणतात तर वारसा कुणाकडे, धाकटीचे दात जरा पुढे आहेत तर तिला मेणबत्तीच्या उजेडातच दाखवावी. वाचताना मला नेहमी वाटायचं, या बायकांना नागपूरच्या धरमपेठेत आणून बसवलं तर दुपारच्या भिशीत कुणाला काही वेगळं वाटणार नाही. थोरल्या सोफायाला मागणी घालणाऱ्या माणसाला पत्रं जायची ती आईनं रचलेली. मुलगी फक्त आपल्या हातानं उतरवून काढायची. एका मसुद्याच्या कडेला लेडी हॅरिएटनं लिहून ठेवलंय की उतरवताना एखाद्या ठिकाणी खाडाखोड कर, म्हणजे मनापासून लिहिल्यासारखं दिसेल. माझं सगळं तिसरं प्रकरण या सोफायावर होतं. तिनं उतरवताना आईचं एक वाक्य गाळलं, त्या गाळण्यात तिचा स्वतःचा आवाज आहे, तिचं स्वातंत्र्य आहे, असं मी पानंच्या पानं मांडलं होतं. गाइड खूष होती. कॉन्फरन्समध्ये टाळ्या पडल्या होत्या. आणि इकडे दिवाळीपासून माझ्या आईनं मला उतरवून काढायचेसुद्धा कष्ट दिले नव्हते.

मेल मी डिपार्टमेंटच्या खोलीत बसून वाचल्या. आईनं त्या मराठीत लिहिल्या होत्या, पण इंग्रजी अक्षरांत, कारण मराठी टाइप करणं तिला येत नव्हतं. सुरुवातीला प्रत्येक शब्द पुटपुटून वाचावा लागत होता. पहिल्या दोन-तीन मेल तशाच होत्या जशा असायच्या. शिक्षण, आवडीनिवडी, मला वाचनाची आवड आहे, घरात मी मोठी. मी वाचत होते आणि नाक मुरडत होते. मग कधीतरी नोव्हेंबरात त्यानं लिहिलं होतं की त्याची आई गेल्यापासून त्याला पत्र लिहिणारं कुणी उरलं नाही, फोनवर सगळेच बोलतात पण फोनवर माणसं घाईत असतात. त्याच्या उत्तरात आईनं लिहिलं होतं: 'घाईत नसलेला माझा वेळ पहाटे असतो. उठल्यावर आधी स्वयंपाकघराची खिडकी उघडते. घरातली माणसं उठायच्या आधीचं दूध तापेपर्यंतचं जेवढं आहे तेवढं माझं. तेव्हा मी कुणाची कुणी नसते. दूध उतू जाईल म्हणून डोळा भांड्यावर असतो, पण मन भलतीकडे गेलेलं असतं, आणि कुठे गेलं होतंस असं त्याला विचारणारं कुणी नसतं.' मी खुर्चीत ताठ बसले. हे माझं नव्हतं. मी सकाळी आठला उठून सीरियल खाऊन बस पकडते.

पुढं मेलमधली ती हिमानी माझी उरलीच नव्हती. आजोळच्या सुट्टीतलं म्हणून तिनं गोंदियाचं लिहिलं होतं. आईचे वडील जंगलखात्यात होते, अंगणात चारोळी वाळत घातलेली असायची, राखायला हिला बसवायचे आणि ही मुठी भरभरून खायची, मार बसला तरी खायची, आणि आता वर्षानुवर्षं श्रीखंडावर मोजून टाकते तेव्हा हात आखडतो. लिफ्टची भीती वाटते आणि ती कुणाला सांगितलेली नाही. गाणं शिकायचं होतं. रागावता येत नाही, राग आला की भांडी घासायला घेते. आणि जानेवारीतल्या एका मेलमध्ये हे होतं: 'तुम्ही विचारलंत मला नवऱ्याकडून काय हवं. मला एकच हवं आहे. संध्याकाळी त्यानं विचारावं, आज दिवसभर काय केलंस? आणि उत्तर ऐकायला थांबावं. मी सगळ्यांना विचारते. मला अजून कोणी विचारलेलं नाही.'

मी ते वाचलं आणि माझा पहिला विचार काय आला असेल? आईची दया आली असेल? नाही. मला वाटलं, किती चांगलं लिहिते ही बाई! पाच वर्षं मी पत्रांत बाईचा आवाज शोधत होते, तळटीपा देत होते, आणि मी अशी चार वाक्यं जन्मात लिहिली नव्हती. मला असूया वाटली, सख्ख्या आईची. लतिकाला, म्हणजे माझ्या रूममेटला, मी त्या मेल वाचून दाखवल्या. ती पुण्याची, स्टॅटिस्टिक्सची, तिला पत्राबित्रांचं काही नाही, पण ती ऐकता ऐकता मॅगी ढवळायची थांबली. "यार, तुझी आई काय भारी आहे," ती म्हणाली. "मी तो असते तर मी पण तिकीट काढलं असतं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सॉरी." सॉरी कशाबद्दल ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्यानंतर मी त्याच्या मेल वाचल्या, आणि तिथं माझा घात झाला. तो आईसारखं सुंदर लिहीत नव्हता. अडखळत लिहायचा. पण जे लिहिलं ते वाचून लिहायचा. तिनं लिफ्टचं लिहिलं तर त्यानं कळवलं की आठवडाभर तो ऑफिसात जिन्यानं गेला, तुमच्या वतीनं. तिनं रागाचं लिहिलं तर हा म्हणतो, आपल्या घरी डिशवॉशर ठेवायचाच नाही. मला आजवर जे दोघं-तिघं भेटले होते, एक नेपरव्हिलच्या ओळखीच्या काकूंचा भाचा, एक डिपार्टमेंटमधला गोरा, त्यांच्यापैकी कुणी माझं एक वाक्य दुसऱ्या दिवसापर्यंत लक्षात ठेवलं नव्हतं. बुधवारपर्यंत मी चिडलेली होते. गुरुवारी मी त्याच्या मेल पुन्हा वाचल्या. शुक्रवारी मला तो हवा होता. हे असं लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे. मी त्या खोट्या अकाउंटवरून त्याला कॉफीच्या दुकानाचा पत्ता पाठवला, खाली हिमानी लिहिलं, आणि मनाशी म्हटलं, नाव तर माझंच आहे ना? फोटो माझा, वय माझं, पदवी माझी. मेल आईनं लिहिल्या म्हणून काय झालं, आईची मुलगीच आहे मी, तिच्यातलं काही माझ्यात असेलच की! राहिलं असेल कुठंतरी तळाला, शोधलं तर सापडेल. आणि शोधायचं कसं ते तर मला विद्यापीठानं शिकवलं होतं. मी आईच्या मेलचं प्रिंट काढलं, हायलायटर घेतला आणि पाठ करायला बसले.

शनिवारी तो आला. चौतिशीचा, कपाळ मागे हटायला लागलेलं, कोटाची बटणं एक सोडून एक लावलेली. मला बघून त्याचा चेहरा असा उजळला की मी मागे वळून बघितलं. त्यानं खिशातून कागदात गुंडाळलेलं एक पुडकं काढून टेबलावर ठेवलं. "बेलव्ह्यूच्या दुकानात मिळत नव्हती, त्या माणसाला ऑर्डर करायला लावली." चारोळी! आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे की श्रीखंडातली चारोळी मी एकेक वेचून ताटाच्या कडेला लावते. मी म्हटलं, "अय्या, किती छान," आणि मूठभर तोंडात टाकली, आणि ती खवट निघाली, आणि मी गिळली. तो माझ्याकडे बघत होता. त्यानं कप बाजूला सरकवला, दोन्ही हात टेबलावर ठेवले, आणि परीक्षेला बसल्यासारखा घसा साफ करून म्हणाला, "हिमानी, आज दिवसभर काय केलंत?"

कुणी मला असं विचारलं नव्हतं. कुणी असं थांबलंही नव्हतं. आई विचारते, दर रविवारी विचारते, पण आईचं धरतं कोण? मी खरं सांगायला हवं होतं. सकाळी केस तीनदा धुतले, दोन स्वेटर घालून काढले, आईच्या मेलचं प्रिंट कपाटात लपवलं, आणि तुम्ही येऊ नये असंही वाटलं आणि तुम्ही नाही आलात तर काय असंही वाटलं. हे म्हटलं असतं तर ते माझं असतं. पण मला माझ्या वाक्यांचा भरवसा नव्हता. मी म्हटलं, "उठल्यावर आधी स्वयंपाकघराची खिडकी उघडली. घरातली माणसं उठायच्या आधीचं, दूध तापेपर्यंतचं जेवढं आहे," आणि त्यानं हळूच पुढचं म्हटलं, "तेवढं माझं." मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. "हे तुम्ही लिहिलं होतं," तो म्हणाला. "याच शब्दांत." मी म्हटलं, "हो, मग? खरं आहे म्हणून." त्यानं खिडकीबाहेर बघितलं. बाहेर पोरं टोप्या घालून बर्फ उडवत चालली होती. "इथं घरातली माणसं कोण?" त्यानं विचारलं. अगदी हळू विचारलं, मला पकडायचं म्हणून नाही. मला वाटतं त्याला उत्तर मिळालं असतं तर आवडलं असतं. लतिका म्हणून सांगता आलं असतं. पण मी पाठ केलेलं संपलं होतं.

मग मी सांगितलं. सगळं, नागपूरचा कॉम्प्युटर, दिवाळी, पासवर्ड. मी तावातावानं सांगत होते, आईला नावं ठेवत होते, इकडच्या लोकांसारखं बाउंडरीज वगैरे म्हणत होते, आणि आशा ही की तो म्हणेल, जाऊ द्या हो, आता आपण भेटलोय ना. तो ऐकत होता. ऐकणं त्याला येत होतं, तेच तर वाईट होतं. "सगळ्याच त्यांनी लिहिल्या?" "सगळ्याच." "लिफ्टची भीती?" "आईची." "गाणं?" "आईचं." "म्हणजे तो प्रश्नही." मी मान हलवली. तो बराच वेळ कपाचा कान फिरवत बसला. मला वाटलं आता चिडेल. चिडला असता तर मी भांडले असते, रडले असते, काहीतरी झालं असतं आमच्या दोघांत. त्यानं मान वर केली आणि विचारलं, "त्या कशा आहेत?"

मी समोर बसले होते हो! जिवंत, हात-पाय असलेली, पिवळा स्वेटर घातलेली! मी कशी आहे ते विचारा की! हे मी मनात ओरडले. तोंडानं म्हटलं, "बरी आहे. गुडघे दुखतात." "आणि तुमचे वडील?" "आहेत. पेपर वाचतात." त्यानं मान डोलावली. मग तो सभ्यपणे माझ्याकडे वळला, मंडळाच्या गणपतीत नव्या माणसाकडे वळतात तसा, आणि म्हणाला, "तुमचा पीएचडीचा विषय काय म्हणालात?" मी सांगितला. तो म्हणाला, "इंटरेस्टिंग." उन्हं उतरायच्या आत त्याला हायवेला लागायचं होतं. जाताना हात मिळवला. चारोळीचं पुडकं टेबलावरच राहिलं. मी ते उचलून आणलं, टाकवेना म्हणून, आणि अपार्टमेंटच्या कपाटात मागे ढकललं.

सोमवारी पोरांच्या पेपरांचं ग्रेडिंग करता करता मी ते अकाउंट उघडलं. उगाच. त्याची मेल आलेली होती. वर 'हिमानी' नव्हतं, 'काकू' होतं. मी रागावलो नाही, त्यानं लिहिलं होतं. आधी खूप रागावलो होतो, पिट्सबर्गपर्यंत. मग वाटलं, तुम्ही खोटं एकच लिहिलंत, नाव. लग्नाचं सोडून द्या, हिमानी चांगल्या आहेत, त्यांना माझ्याकडून त्रास झाला असेल तर माफी सांगा. पण तुम्ही लिहिणं बंद करू नका. माझ्या आईला मी हे कधी विचारलं नाही, ते राहून गेलं. म्हणून तुम्हाला विचारतो. काकू, आज दिवसभर काय केलंत?

मी ती मेल किती वेळा वाचली सांगत नाही. आईला पासवर्ड माहीत नव्हता. तिकडे ती शंतनूच्या कॉम्प्युटरसमोर बसून चष्मा पुढे-मागे करत जुना पासवर्ड घालून बघत असणार, हे मला दिसत होतं. मी नवा पासवर्ड फोनवर सांगितला असता तर काम झालं असतं. नाहीतर मेल पुढे पाठवायची, तेही एक बटण. लेडी हॅरिएटच्या पणतवानं तिची अर्धी पत्रं शेकोटीत घातली म्हणून मी प्रस्तावनेत त्याला काय काय बोलले होते! मी पत्र जाळणाऱ्यांतली नाही. मी उत्तर लिहिलं. आईच्या भाषेत, इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत, तिच्यासारखी पूर्णविरामाआधी जागा सोडून. एका ठिकाणी मुद्दाम चूक ठेवली. 'चि. सौमित्र, तुमची मेल पोचली. मी जे लिहिलं ते मुलीचं कार्य व्हावं म्हणून लिहिलं. त्यातलं काही मनावर घेऊ नका, लिहिताना आपण बरंच रचून लिहितो. आता लिहिण्याचं कारण उरलेलं नाही. यजमानांनाही ते आवडणार नाही. तुमचं कल्याण होवो. सुवर्णा.' पाठवण्याआधी मी ते पुन्हा वाचलं आणि मला मानावं लागलं, चांगलं उतरलं होतं. माझ्या हातून उतरलेलं पहिलंच चांगलं पत्र. आणि पाठवल्यावर लक्षात आलं की सुवर्णा अशी सही असलेलं पत्र मी आजवर बघितलेलं नव्हतं. तिनं आयुष्यभर सगळ्यांच्या नावानं लिहिलं, तिच्या नावाचं मी पाहिलेलं हे पहिलं, आणि ते मी लिहिलं होतं. वाईट वाटलं. पण मी हेही सांगते, वाईटापेक्षा बरं जास्त वाटलं. तो माझ्यासमोर बसून तिची चौकशी करत होता. मी ते विसरू शकत नव्हते.

त्यानं उत्तर पाठवलं नाही. तो सभ्य माणूस होता.

रविवारी मी नेहमीसारखा फोन लावला. लग्नाचं जमलं नाही हे आईला आधीच सांगून झालं होतं. कारण काय सांगितलं तर उंची. तिनं गुडघ्याचं सांगितलं, बाबांच्या पेपरवाल्याशी झालेल्या भांडणाचं सांगितलं. मग आवाज खाली आणला. मिक्सर नाही, नळ नाही, बाजूला कुणी नसावं. "हिमानी," ती म्हणाली, "त्याची काही मेल आली का गं?" मी म्हटलं, "कुणाची?" "सौमित्रची. म्हणजे, तुला नाही. तशी." मी म्हटलं, "नाही आई." "बघितलं होतंस ना उघडून?" "बघितलं. काही नाही." "बरं," आई म्हणाली. "कामात असेल. त्या लोकांना फार काम असतं." मी म्हटलं, "हो." मग ती तिच्या रोजच्या आवाजात म्हणाली, "आणि तू काय केलंस आज दिवसभर?"

"काही नाही गं," मी म्हटलं. "नेहमीचंच."

ती फोन धरून होती. ऐकायला थांबली होती. कार्डावर अजून बरीच मिनिटं शिल्लक होती. मी म्हटलं, "चल, ठेवते."